पऱ्हाटीचे सेल

वीज ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला वायरीतलं सगळं कळतं, अशी आमच्या सेलूत एक समजूत आहे. मी अख्खी नोकरी बिलांच्या टेबलावर काढली. खांबाला कधी हात लावला नाही. घरचा फ्यूज उडाला तर बायकोच स्टुलावर चढायची अन् मी खालून टॉर्च धरायचो. तरी शेजारीपाजारी मिक्सर, इस्त्री, पोरांची खेळणी घेऊन दारात हजर. मी "पाहतो" म्हणायचो, स्क्रू काढायचो, आत फुंकर मारायचो, स्क्रू परत लावायचो. निम्म्या वेळा वस्तू चालू व्हायची. मग चहा व्हायचा. त्या फुंकरीवर माझं नाव झालं होतं, अन् हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बायको हिंगणीच्या शाळेत शिक्षिका. गावात तिला कुणी नावानं ओळखत नाही, नुसतं 'बाई' म्हणतात, म्हणून मीही थट्टेनं बाईच म्हणायचो. तिचा एक हट्ट होता. पोरांच्या आयांनी शाळेच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. कुणी अंगठा पुढे करून उभी राहिली की ही स्टॅम्पपॅडचं झाकण लावून टाकायची. "बाकीची बोटं देवानं काय शोभेले देली का तुले?" असं म्हणून तिला बाकावर बसवायची, हातात हात धरून तिचं नाव गिरवून घ्यायची. त्या बाया आठवडे-आठवडे यायच्या, वैतागायच्या, पण सही शिकूनच जायच्या. हिंगणीत आजही कितीतरी सह्यांना माझ्या बायकोच्या अक्षराचं वळण आहे.

दिवाळीच्या सुट्टीत चिवड्यासाठी खोबरं कापताना तिच्या हातातून सुरी पडली. ती उचलायला वाकली अन् हात पुढे जाईना. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, लकवा निघाला. जीभ वाचली, पाय महिन्याभरात चालू लागला, पण उजवा हात लुळाच राहिला. खांदा हलायचा, कोपर जरासं वाकायचं, पुढे अंधार. त्याहून वाईट म्हणजे त्या हाताची जाणीव गेली होती. डॉक्टर तिला डोळे मिटायला सांगायचे अन् विचारायचे, हात कुठे आहे? मांडीवर आहे की उशीवर, हे तिला सांगता यायचं नाही. ती अंदाजानं उत्तर द्यायची अन् डोळे उघडून पाहायची, बरोबर आलं का म्हणून.

तिची रजा संपत आली. पंचायत समितीतले एक बाबू, जुने ओळखीचे, घरी येऊन म्हणाले, "मॅडम, आजारपणाची निवृत्ती घेऊन टाका. कागद मी तयार करतो, तुमची फक्त सही. नाई जमली त अंगठा चालते." तिनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्यानं चहा अर्धाच ठेवला. "सही करीन त माह्या हातानं करीन. उन्हाळ्यापर्यंत थांबा." मी म्हटलं, डाव्या हातानं गिरवून पाहा. तर म्हणाली, "ती सही माही नाई." म्हणजे आता सगळा खेळ या एका हातावर आला. उन्हाळ्याच्या आत हातात पेन धरता आलं तर ती सही करणार होती, शाळेत जाऊन फळ्याला निरोप देणार होती, सगळं ताठ मानेनं. नाही आलं तर काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

फिजिओथेरपीवाली पोरगी वर्ध्याहून आठवड्यातून दोनदा यायची. तिनं दिलेले व्यायाम बाई करायची नाही. टेबलावरून वाटी सरकवा, टॉवेल पिळा. "मी का बालवाडीत हाय?" म्हणून चिडायची. अशात पुण्याला दिलेल्या आमच्या पोरीचा फोन आला, की सासरच्या माळ्यावर एक जुना व्हिडिओ गेम पडला आहे, आईला हातासाठी चांगला, पाठवते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणालो. पण फिजिओवाली खूश झाली. खेळू द्या म्हणाली, खेळता खेळता हात उचलला जातो.

त्या घोड्याचे तीन भाग होते. एक डबा टीव्हीला जोडायचा, एक रिमोट हातात धरायचा अन् एक वीतभर काळी पट्टी टीव्हीखाली ठेवायची. मूळ पट्टी हरवली होती, म्हणून पोरीनं सेलवर चालणारी शोधून पाठवली होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फक्त रिमोटला दिसतो. रिमोट पट्टीकडे रोखला की टीव्हीवर एक पांढरा हात उमटतो अन् रिमोट हलेल तसा हलतो. खेळ फुगे फोडायचा. खालून फुगे वर येतात, फुग्यावर हात जरासा थांबवला की फट्. मी रिमोट तिच्या मुठीत बसवून वरून कापडी पट्टा बांधून द्यायचो.

पहिल्या दिवशी टीव्हीवर हात उमटला अन् तिनं खांद्यापासून जोर लावून तो एका लाल फुग्यावर नेला. फुगा फुटला. बाप्पा, काय हसली ती! दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. "हा माहा हात!" टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली. खरा हात कुठे आहे ते तिला कळायचं नाही, पण टीव्हीवरचा तिला दिसायचा. तिची नजर त्याच्यावरून हलायचीच नाही.

दोन-तीन दिवसांनी खेळता खेळता टीव्हीवरचा हात थरथरला अन् नाहीसा झाला. ती ओरडली, "जी! माहा हात गेला!" चेहरा पांढराफटक. मी स्वयंपाकघरातून पळत आलो. पट्टी हलवली, थापट मारली, फुंकर मारली. मग मागचं झाकण काढून चारही सेल बदलले अन् रिमोटसकट तिचा हात नीट उचलून दिला. हात हजर. "सेल गेलते," मी म्हटलं. तिनं केवढा तरी श्वास सोडला. "सेल गेलते व्हय? मले वाटलं…"

तेव्हापासून रोज हेच सुरू झालं. थोडं खेळली की हात थरथरायचा, जायचा. "सेल गेले जी!" मी उठायचो. पण नव्या सेलांचं पाकीट असं रोज कुठून आणायचं? आमच्याकडे घरोघरी करतात तेच मी केलं. काढलेले सेल गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवले अन् दुसऱ्या दिवशी परत घातले. अन् चालले! मी पोरीला फोन करून ऐट मारली, की तुमच्या पुण्यात नाही जमणार हे, आमच्या वर्धा जिल्ह्याच्या उन्हात मेलेल्या सेलातही जीव येतो. मग दोन संच केले. एक पट्टीत, एक कठड्यावर. हात गेला की मी गच्चीवर जायचो, संच बदलून आणायचो, तिचा हात उचलून द्यायचो. तेवढ्या वेळात तिला विसावा मिळायचा. ती सेलांना शिव्या घालायची, "भैताड सेल हायेत." मीही घालायचो. बरं वाटायचं दोघांना. एकदा उन्हात न ठेवलेले, नुकतेच काढलेले सेल मी टॉर्चमध्ये घालून पाहिले तर टॉर्च लख्ख पेटला. त्यावर मी असा निष्कर्ष काढला की पट्टी फार खादाड आहे, तिला भरलेलेच सेल लागतात. उंटावरचा शहाणा!

महाशिवरात्र झाली. फिजिओवालीनं हात तपासला अन् म्हणाली, "काका, खेळ मधे मधे तोडू नका, सलग होऊ द्या." झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सेलाची भानगडच नको. पट्टी सरळ यूएसबीवर करायची. टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक आहे, टीव्ही चालू तोवर पट्टी चालू. चार सेल म्हणजे सहा व्होल्ट, यूएसबी पाच व्होल्टचं. एवढी तफावत चालून जाईल, असं मी ऑफिसातल्या आवाजात स्वतःला सांगितलं.

मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर कापली. आत केसासारख्या बारीक चार तारा निघाल्या, त्यातल्या लाल अन् काळी तेवढ्या कामाच्या. त्या पट्टीतल्या पत्र्याला लावायच्या कशा? तारेला डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र माझ्याकडे नव्हतं अन् असतं तरी मी बोट भाजून घेतलं असतं. चिकटपट्टीनं चिकटवल्या तर सुटून यायच्या. बाई खुर्चीवर बसून माझी फजिती पाहत होती. "अवो, सेलाच्या जागी सेलाएवढं काहीतरी बसवा ना," ती म्हणाली. "तार आपोआप दाबून राहीन." मागच्या अंगणात न्हाणीच्या चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा पडला होता. कपाशी निघाली की ही वाळकी झाडं घरोघरी जळणाला येतात. त्यातली सेलाएवढ्या जाडीची एक काडी मी ओढून आणली. "साल काढा आधी," बाई म्हणाली. साल काढली. तिनं डाव्या हातात सेल धरून माप दाखवलं, मी विळीवर दोन तुकडे कापले. तिच्या शाळेच्या डब्यातल्या ड्रॉइंग पिना काढल्या, एकेका तुकड्याच्या टोकाला तार गुंडाळून वर पीन ठोकली. एक तुकडा पहिल्या घरात, एक शेवटच्या घरात, मधली दोन घरं रिकामी.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. लाल-काळं उलटं लागलं होतं. अदलाबदल केली. मोबाइलचा कॅमेरा पट्टीवर धरला की तो न दिसणारा उजेड मोबाइलमध्ये दिसतो, हे पोरीनं शिकवलं होतं. धरला. पट्टीच्या दोन्ही टोकांना जांभळट ठिपके! बाईनं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे वीज ऑफिस! पऱ्हाटीतून करंट काढला!" मी त्या दिवशी इतका खूश होतो की पोरीला फोटो पाठवला, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. सांगायची लाज वाटते, पण त्या काडीचे दोन तुकडे बसवून मी तिचा हात बरा केला आहे, असंच मला वाटत होतं.

चहा झाल्यावर ती खेळायला बसली. मी बाजूच्या पलंगावर. फुगे फुटत होते. हात थरथरला. मग खाली घसरत गेला अन् टीव्हीवरून गेला.

"सेल गेले जी," ती सवयीनं म्हणाली.

अन् मी शहाणा बोललो. "आता कायचे सेल? आता डायरेक्ट लाइनवर हाय. आता जातच नाई!"

वर हसलोही. हसून तिच्याकडे पाहिलं तर ती टीव्हीकडे पाहत नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती आपल्या हाताकडे पाहत होती. हात मांडीवर पडला होता. रिमोटचं तोंड जमिनीकडे. तिला तो पडलेला कळलाच नव्हता. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं अन् वर उचललं. टीव्हीवर हात आला. सोडलं. हात गेला. पुन्हा उचललं, आला. सोडलं, गेला. वर्गात पोराचं गणित तपासताना ती करायची तसं, घाई न करता, तिनं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मी मनात स्वतःला म्हणत होतो, काहीतरी बोल रे, वायर सैल झाली म्हण, टीव्ही खराब म्हण!

"म्हणजे सेल कधी गेलेच नव्हते," ती म्हणाली.

मी पलंगावरून उठलो.

"सांगा ना जी. पहिल्या दिवसापासून हातच पडून राह्यला होता ना?"

"मले नव्हतं माहीत," मी म्हटलं. ते खरं होतं. पण खरं बोलून काय उपयोग? ती रडली असती तर मला सोसलं असतं. तिनं दातानं कापडी पट्टा सोडला, रिमोट टीपॉयवर ठेवला अन् म्हणाली, "फुगे फुटले ते खांद्यानं. बोटाचं काईच नाई त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी मी ती वायर उपटून फेकली अन् चार सेल परत घातले. "पऱ्हाटीचं काम काई खरं नाई," तिला ऐकू जाईल असं बडबडलो, "करंट कमी पडून राह्यला होता. खेळ आता." तिनं वळूनही पाहिलं नाही. "मले पहिलीतलं पोट्टं समजता का?" एवढंच बोलली. मी हात जोडले, रागावलो, पोरीकडून फोनवर विनवण्या करवल्या. फिजिओवाली आली, म्हणाली, "बाई, खांदा मोकळा झाला ना तुमचा, मेहनत वाया नाही जात." बाईनं उजवा हात डाव्या हातानं उचलून तिच्यापुढे ठेवला, दुकानात बिघडलेली वस्तू ठेवावी तसा, अन् तोंड फिरवून बसली. होळीनंतर तिनं फिजिओवालीलाही नको म्हणून सांगितलं.

मला आजही उमजत नाही, मी कायले त्या पट्टीच्या मागे लागलो. काय अडलं होतं? सेल खोटे होते, ऊन खोटं होतं, पण त्या खोट्याच्या जोरावर ती रोज बसत होती. कदाचित अजून महिना, दोन महिने बसली असती. कदाचित त्यात एखादं बोट हललं असतं. नसतंही हललं. डॉक्टरांना विचारलं तर ते खांदे उडवतात. तिचा हात आधीच गेलेला होता, मी फक्त ते तिला सांगायचं यंत्र बनवलं, अन् वर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. माझ्या अकलेला आग लागो. मिक्सर घेऊन दारात येणाऱ्याला मी आता सरळ परत पाठवतो.

उन्हाळा लागला अन् तिनं स्वतःहूनच पंचायत समितीच्या बाबूंना फोन करायला सांगितलं. मी टाळलं, तर तिनं डाव्या हातानं नंबर दाबला. बाबू कागद घेऊन आले. कूलरसमोर बसले, पाणी प्यायले, उन्हाबद्दल बोलले. मग पिशवीतून स्टॅम्पपॅड काढून त्यांनी झाकण उघडलं. बाईनं डावा हात पुढे केला, अंगठा वर करून.

बाबू अवघडले. माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, माणसाचा डावा चालते. बाईचा उजवा लागते."

ती ऐकत होती. तिनं डावा हात मागे घेतला अन् भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. "घ्या," म्हणाली.

मी तिचा उजवा हात मांडीवरून उचलला. गरम होता, जड होता, हातासारखा हात होता. अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर, अन् माझ्या अंगठ्यानं वरून दाबला. ठसा चांगला उठला, एकेक रेघ दिसत होती. बाबूंनी कागद उचलून वाळवायला कूलरच्या वाऱ्यात धरला. मी कपड्यानं तिच्या अंगठ्याची शाई पुसली अन् हात होता तसा मांडीवर ठेवून दिला.

डोळे मिटूनच ती मला म्हणाली, "दाबा ना जी आता. कायची वाट पाहून राह्यले?"